फोन आईचा, अक्कल माझी

आधीच सांगतो, फसलेली माझी आई नाही. फसलो मी. वय ४१, पुण्यात नोकरी, आणि नातेवाइकांत 'मोबाइलमधलं त्याला विचारा' अशी ख्याती. बोलायला लाज वाटते, पण गप्प बसलो तर पुढचा कुणी असाच जाईल. गेले ८३,३९० रुपये. आईच्या पेन्शनच्या खात्यातले.

आईचा जुना फोन सारखा बंद पडायचा, म्हणून १३,४९९ चा नवा घेतला आणि रविवारी साताऱ्याकडच्या गावी गेलो. दुपारभर बसून सगळं लावून दिलं. भाषा मराठी केली, अक्षरं मोठी केली, फोटो आणले, भाचरांची नावं फोटोसकट पहिल्या पानावर ठेवली. वर तिला उपदेशही केला की कुणी लिंक पाठवली तर उघडायची नाही. हे अंदाजे साडेतीनला.

यूपीआय तेवढं होईना. बँकेत नोंदवलेल्या नंबरावरून एसएमएस जावा लागतो, तो जातच नव्हता. कारण पुढे कळलं : त्या सिमवरून एसएमएस पाठवायचा पॅक शनिवारी संपला होता. बस, एवढंच! रिचार्ज मारला असता की विषय संपला होता. पण मी काय केलं, तर बँकेचा कस्टमर केअर नंबर नेटवर शोधला आणि सर्वांत वर आला तो लावला. रविवारी बँकेचा माणूस दुसऱ्या रिंगला फोन उचलतो, यातच सगळं आलं होतं. मला उलट बरं वाटलं.

हे लोक हिंदीत बोलतात, धमकावतात, असं आपण ऐकलेलं असतं. हा अस्सल मराठी बोलत होता. "सर, काकूंचं खातं नव्या फोनवर आहे ना? मग केवायसी अपडेट लागेल. फाइल पाठवतो." व्हॉट्सअॅपवर एपीके, म्हणजे ॲपची फाइल, आली. चिन्ह बँकेचंच. मी दाबली. फोननं अडवलं. अनोळखी ठिकाणचं ॲप म्हणून परवानगी मागितली, ती सेटिंगमध्ये जाऊन मीच दिली. मग लाल इशारा आला.

आईनं चष्मा लावला आणि एकेक शब्द जुळवत मोठ्यानं वाचलं, "हे ॲप... हानिकारक... असू शकतं. अरे, असं लिहिलंय बघ."

मी म्हणालो, "आई, ते सगळ्यांनाच दाखवतं."

गेले दोन महिने हे वाक्य रात्री अंथरुणात ऐकू येतं. फोन मराठीत मीच केला होता, तिला वाचता यावं म्हणून. तिनं वाचलं. मी ऐकलं नाही.

ॲपनं एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. मग फॉर्म : 'नोंदणी शुल्क १० रुपये', कार्डाचा नंबर, मुदत, सीव्हीव्ही. सीव्हीव्हीसाठी आईचं कार्ड उलटं केलं. बँकेचा खरा टोल फ्री नंबर तिथंच, बोटभर अंतरावर छापलेला होता. शेवटी तो म्हणाला, सर्व्हर अपडेट होतोय, दोन तास फोनला हात लावू नका. आम्ही चहा केला.

ते दहा रुपये कधी कापलेच गेले नाहीत. कापले गेले २४,९९०, ४९,९०० आणि ८,५००, तिन्ही ऑनलाइन खरेदीच्या नावावर. ओटीपी येत होते, पण थेट त्यांच्याकडे. सोमवारी अकराला आईनं एटीएममधून मिनी स्टेटमेंट काढलं. शिल्लक ३,११२.

'ओटीपी तुम्हीच दिला असणार' म्हणणाऱ्या सगळ्यांना एकदाच सांगतो : आम्ही कुणालाही ओटीपी सांगितला नाही. एसएमएसची परवानगी दिली की सांगावा लागत नाही. असं ॲप चुकून पडलं, तर आधी विमान मोड, मग दुसऱ्या फोनवरून कार्ड बंद आणि लगेच १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. पहिला तास महत्त्वाचा असतो. आमचे एकोणीस गेले.

१९३० ला चौथ्यांदा फोन लागला. त्या बाई नीट बोलल्या, हे मान्य. पुढचा मात्र सगळा तमाशा. बँकेत साहेब जेवायला गेलेले. आले ते म्हणाले, ग्राहकाचा निष्काळजीपणा. अशा फसवणुकीत ग्राहकाची जबाबदारी किती, याबद्दलचं रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक दाखवलं, तर त्यांनी त्यातलंच निष्काळजीपणाचं कलम माझ्यापुढे सरकवलं. ठीक आहे, चूक माझी. पण पेन्शनच्या खात्यातून रविवारी संध्याकाळी वीस मिनिटांत ८३ हजारांची खरेदी होते, तेव्हा तुमची यंत्रणा झोपली होती का? तक्रारीची पोच द्या म्हटलं तर "मेल करा". मेलला उत्तर, "शाखेत भेटा".

पोलीस ठाण्यात विचारलं, तुम्ही राहता कुठं? पुण्यात. मग तिकडे करा. पुण्यात म्हणाले, घटना कुठं घडली? गावाला. मग तिकडे करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द न बघता गुन्ह्याची खबर नोंदवता येते. हे मी म्हणालो, तर हवालदार हसले. "वकील आहात का?"

आतापर्यंत ८,५०० तेवढे पुढच्या खात्यात अडकवून ठेवलेत. परत अजून मिळालेले नाहीत.

आणि हो, आईवडिलांना नवा फोन सुरू करून देणार असाल, तर त्यांचं मोठं खातं यूपीआयला जोडू नका. वेगळं खातं, त्यात दोन-तीन हजार, पुरे. घाईघाईत रविवारी तर काहीच करू नका.

गुरुवारी पुन्हा शाखेत बोलावलंय. झेरॉक्सचे दोन संच आणा म्हणाले, मागचा त्यांना सापडत नाहीये.