बोन्सायचा बुंधा जाड करताना: फळी, तार आणि जाळीची कुंडी, चौदा महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल. मुळांखाली बसवायची फळी ठेवावी, जाळीची कुंडी पाणी घालायला दिवसातून दोनदा वेळ असेल तरच घ्यावी, आणि बुंध्याभोवती तार निव्वळ घेर वाढवण्यासाठी म्हणून गुंडाळूच नये. तिन्ही गोष्टी अंगठ्याएवढ्या जाडीच्या फायकस मायक्रोकार्पावर (वडाच्या जातकुळीतलं झाड) वापरल्या. माती सगळीकडे एकच: विटांचा चाळलेला चुरा आणि प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड), दाणा ३ ते ६ मिलिमीटर, वर मूठभर कोकोपीट. खालची पूड चाळून टाकली नाही, तर पुढचं काहीही नीट होत नाही.

यातली कुठलीच वस्तू खोड जाड करत नाही, हे मात्र घेण्याआधी डोक्यात पक्कं हवं. जाडी येते ती सालीखालच्या कँबियमच्या थरातून, आणि त्या थराला खुराक मिळतो वरच्या पानांतून. फांदी जितकी मोकळी सुटेल तितका तिच्या जोडापासून खाली मुळापर्यंतचा भाग भरतो. जोडाच्या वरचा भाग तिच्यामुळे भरत नाही. दर पंधरवड्याला शेंडे खुडून झाड टुमदार ठेवायचं आणि बुंधा मात्र फुगायला हवा, ही अपेक्षा जमणारी नाही. उथळ बोन्साय ट्रेमध्ये घाईने लावलेलं झाड याच कारणाने वर्षानुवर्षं आहे तेवढंच राहतं.

फळी

मुळं खाली न जाता चहूबाजूंनी आडवी पसरावीत, एवढाच फळीचा उपयोग. आडवी मुळं जाड होत जातात, एकमेकांना चिकटतात आणि बुंध्याला खालून पसरट पाया येतो. आधी १२ मिलिमीटरचं प्लायवुड घेतलं. ओल्या मातीत त्याचे थर कडेने सुटायला लागले आणि खिळे सैल पडले. स्वयंपाकघरातला जाड प्लास्टिकचा कटिंग बोर्ड त्यापेक्षा कितीतरी बरा: कुजत नाही, ड्रिल सहज होतो. आकार बुंध्याच्या व्यासाच्या निदान पाच-सहा पट हवा.

सोटमूळ आणि खाली जाणारी सगळी मुळं कापून तळ अगदी सपाट करायचा. चीक थांबेपर्यंत ओल्या फडक्याने टिपायचा. मग बोर्डच्या मधोमध भोक पाडून खालून स्टेनलेस स्टीलचा स्क्रू थेट बुंध्याच्या तळात पिळायचा. झाड डुगडुगत नाही, आणि कोवळी मुळं तुटतात ती बहुधा या डुगडुगण्यामुळेच. त्यानंतर मुळं चाकाच्या आऱ्यांसारखी मांडायची. खिळा मुळातून ठोकायचा नाही, मुळाच्या दोन्ही बाजूंना एकेक ठोकून मूळ मध्ये अडकवायचं. एकमेकांवरून गेलेल्या दोन मुळांपैकी एक कापायचंच, कारण पुढे तिथे गाठ होते आणि ती कायम दिसत राहते.

वरून २ ते ३ सेंटिमीटर माती. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. मुळं दिसावीत म्हणून माती उकरली जाते, उघडी पडलेली मुळं सुकतात आणि त्यांची वाढ मंदावते. ती दाखवायची वेळ शेवटी येते.

फळीचा एक दोष खरा आहे: पाणी तिच्यावर साचतं. माती बारीक असेल तर कापलेला तळ कुजतो, आणि वरून ते महिनोन् महिने कळत नाही; पानं मलूल व्हायला लागतात तेव्हा उशीर झालेला असतो. भोकं पाडावीत तर मुळं त्यातूनच खाली घुसतात. म्हणून भोकं न पाडता फळी किंचित तिरपी बसवायची आणि माती भरड ठेवायची.

तार

२ ते २.५ मिलिमीटरची तार बुंध्याभोवती घालून पकडीने पिळायची, निम्मी जाडी सालीत रुतेपर्यंत. वर रूटिंग हॉर्मोन (मुळं फुटायला मदत करणारं औषध), भोवती ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ). पानांकडून खाली येणारं अन्न तारेपाशी अडतं, वरचा भाग फुगतो आणि तिथून नवी मुळं फुटतात. तत्त्व गुटी कलमाचंच. उबदार हवेत फायकसला साधारण चार ते आठ आठवड्यांत मुळं येतात. जुनिपरसारख्या सूचिपर्णी झाडाला अख्खा हंगाम किंवा जास्त लागतो.

तो फुगवटा बघून काम झालं असं वाटतं. पण तारेखालचा भाग त्याच वेळी उपाशी असतो, आणि मुळं आली नाहीत तर खाली बारीक, वर जाड असा उलटा बुंधा हातात उरतो. फायकसमध्ये दुसरीच गंमत: साल तारेला गिळून टाकते, वरचा आणि खालचा भाग पुन्हा जुळतो, मुळं येतच नाहीत आणि तार आत कायमची अडकते. त्यापेक्षा बुंध्याच्या व्यासाच्या दीडपट रुंदीची साल गोल काढून खालचा निसरडा हिरवट थर खरवडणं भरवशाचं. जुनी मुळं एकाच बाजूला असतील किंवा पाया बघवत नसेल, तेव्हाच या वाटेला जावं. नवी मुळं भरपूर झाली की खालचा भाग करवतीने वेगळा करायचा आणि झाड थेट फळीवर बसवायचं.

जाळीची कुंडी

मुळाचं टोक जाळीपाशी कोरड्या हवेत आलं की तिथे सुकतं आणि मागून नवे फाटे फुटतात. साध्या कुंडीत मुळं कडेने गोल गोल फिरतात, तसं इथे होत नाही. तंतुमुळांचा गुच्छ खरोखर देखणा येतो. पण कडेची माती मधल्या मातीच्या कितीतरी आधी वाळते, आणि वरून बोट लावून ओल पाहणाऱ्याला ते समजत नाही. कडक उन्हात एक फेरी चुकली की कडेचीच, म्हणजे कामाची मुळं जातात. शिवाय साधं प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होतं. उचलताना काठ हातात येतो. कुंडी मातीवर टेकवून तळातून मुळं जमिनीत जाऊ दिली तर वाढीचा वेग चांगलाच वाढतो. मग ती मुळं कापताना वरची फांदीही त्या प्रमाणात कमी करावी लागते.

ज्याला काही खर्च नाही

तिन्हींपेक्षा जास्त फरक पडला तो बुंध्यालगतच्या, न छाटलेल्या एका फांदीने. तिला सॅक्रिफाइस ब्रांच म्हणतात, पुढे ती कापूनच टाकायची असते. शेंडा अजिबात खुडायचा नाही. मुख्य झाडावर सावली पाडणारी तिची आतली पानं तेवढी काढायची. तिची जाडी जोडापाशी खोडाच्या निम्म्यावर आली की थांबायचं, नाहीतर जखम भरता भरत नाही. एकाच उंचीवर दोन-तीन फांद्या सोडल्या तर तिथे गोळा येतो. फायकसची जखम लवकर भरते, म्हणून त्याच्यावर हे शिकणं सोपं. या काळात खतात नत्र जास्त ठेवायला हरकत नाही, पानं मोठी झाली तरी चालतात.

मोजमाप मात्र मातीच्या पातळीवरून घेऊ नये, ती दर पाण्याला खालीवर होते. सालीवर रंगाचा ठिपका देऊन त्याच उंचीवर सुताने घेर मोजावा, महिन्यातून एकदा पुरे.

फळी उघडायची ती वाढीचा हंगाम सुरू होताना. तेव्हा सगळ्यात जाड मूळ निम्मं कापायचं आणि बारीक मुळं लांब ठेवायची. उलट केलं तर दांडगं मूळ बाकीच्यांचा वाटा खातं आणि बुंधा एकाच अंगाला वाढतो. एखादी बाजू अगदीच मोकळी राहिली असेल, तर तिथे खाच पाडून रोपाचं भेट कलम (रोप मुळांसकट बुंध्याला जोडणं) बांधायचं आणि फळी पुन्हा तशीच मातीत.