आक्र्यात घेतलेला घानाच्या चलनाचा संच: नोटा अस्सल, पण हिशेब गाळलेला

घानाची राजधानी आक्रा येथील जुन्या नोटा आणि नाणी विकणाऱ्या एका दुकानातून मी घानाच्या चलनाचा इतिहास सांगणारा तयार संच विकत घेतला. जाड पुठ्ठ्याची वही, पानोपानी पारदर्शक खिसे, प्रत्येक खिशात एक नोट किंवा नाणे आणि शेजारी दोन-तीन ओळींची छापील माहितीपट्टी, असे त्याचे स्वरूप आहे. १९५८ चे घाना पौंड, १९६५ चा पहिला सेडी, १९६७ ची नवी मालिका, नंतरच्या चढत्या आकड्यांच्या नोटा आणि शेवटी २००७ चा घाना सेडी, असा त्याचा पल्ला आहे. वस्तू म्हणून संच चांगला आहे, हे आधीच सांगतो. एकही नोट बनावट वाटली नाही, बहुतेक कोऱ्या आहेत आणि ज्यांना घडी पडली आहे त्यांच्याबाबत दुकानदाराने आपण होऊन तसे सांगितले. माझी तक्रार माहितीपट्ट्यांविषयी आहे, आणि ती किरकोळ नाही. चलन बदलले तेव्हा जुन्याच्या बदल्यात नवे किती मिळाले, हा आकडा संपूर्ण वहीत एकदाच, अगदी शेवटच्या पानावर येतो. घानाच्या चलनाची खरी कथा त्याच आकड्यांत दडलेली असल्यामुळे ही उणीव मला फार जाणवली.

पहिले पान मात्र मनापासून आवडले. तेथे नोट नाही. एक कवडी आहे आणि तिच्याखाली पितळेचे एक लहानसे वजन आहे. सेडी हे नाव घानातील आकान लोकांच्या भाषेतील कवडीच्या शब्दावरून आले. मालदीवच्या समुद्रातील कवड्या व्यापाऱ्यांच्या जहाजांतून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर येत आणि बाजारातील लहान व्यवहार त्यांवर चालत. मोठ्या व्यवहारांसाठी आकान लोक सोन्याची भुकटी वापरत. ती तोलण्यासाठी पक्षी, मासे, गाठी, भौमितिक आकृती अशा नाना आकारांची पितळी वजने ओतली जात. पेसेवा हे सेडीच्या शंभराव्या भागाचे नावही सोन्याच्या अगदी हलक्या वजनावरून घेतलेले आहे. संचातील वजन पायऱ्यापायऱ्यांच्या भौमितिक नक्षीचे आहे आणि ते जुने नसून नव्याने ओतलेले आहे, हे पट्टीवर स्पष्ट लिहिले आहे. असा प्रामाणिकपणा सर्वच विक्रेते दाखवत नाहीत, म्हणून त्याचा मुद्दाम उल्लेख करतो.

यानंतर ब्रिटिश काळाला एकच पान दिले आहे आणि ते पुरेसे आहे. १९१२ साली स्थापन झालेले पश्चिम आफ्रिकी चलन मंडळ लंडनमधून नायजेरिया, गोल्ड कोस्ट (म्हणजे आजचा घाना), सिएरा लिओन आणि गांबिया या चारही वसाहतींसाठी एकच चलन काढत असे. मधोमध भोक असलेले पेनीचे नाणे त्याच काळातले.

देशाच्या स्वतःच्या चलनाची सुरुवात १९५८ च्या पानापासून होते. ६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला आणि १४ जुलै १९५८ रोजी बँक ऑफ घानाने स्वतःचे पौंड, शिलिंग आणि पेन्स चलनात आणले. नाण्यांवर देशाचे पहिले पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांचा चेहरा आहे आणि भोवती लॅटिन भाषेत ‘चिविटाटिस घानिएन्सिस कॉन्डिटोर’, म्हणजे घाना राष्ट्राचा संस्थापक, असे कोरलेले आहे. मागील बाजूस पंचकोनी तारा आहे. नोटांवर पहिले गव्हर्नर आल्फ्रेड एगल्स्टन यांची सही आहे. ते स्कॉटिश होते. नवे राष्ट्र, नवी बँक, पण मोजमाप मात्र जुनेच, बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड, ही त्या काळाची स्थिती या एका पानावर नीट दिसते.

पुढची दोन पाने हा संचाचा सर्वांत मौल्यवान भाग आहे आणि नेमकी तेथेच माहिती सर्वांत तोकडी पडली आहे. १९६५ च्या जुलैमध्ये पौंड जाऊन सेडी आला. पट्टीवर ‘दशमान पद्धतीचा स्वीकार’ एवढेच लिहिले आहे. हिशेब असा होता: एक पेसेवा म्हणजे एक पेनी, म्हणून शंभर पेसेव्यांचा सेडी म्हणजे आठ शिलिंग चार पेन्स, आणि एका पौंडाचे दोन सेडी चाळीस पेसेवे. कागदावर हे सरळ दिसते, परंतु बाजारात लोकांच्या तोंडी पेनीबरोबर शिलिंगही होता, आणि शिलिंगाचे बारा पेसेवे होत. नवी नाणी मात्र ५, १०, २५ आणि ५० पेसेव्यांची होती. म्हणजे एका शिलिंगाची वस्तू घ्यायची तर नेमके तेवढ्या किमतीचे नाणे हातात नाही, अशी अवस्था झाली.

फेब्रुवारी १९६६ मध्ये लष्कराने एन्क्रुमा यांची सत्ता उलथवली आणि वर्षभरातच, १९६७ च्या फेब्रुवारीत, पुन्हा नवे चलन आले. येथील पट्टी म्हणते की सत्तांतरानंतर एन्क्रुमा यांचे चित्र काढून टाकण्यासाठी चलन बदलले. हे खोटे नाही, पण अर्धे आहे. जुन्या एक सेडी वीस पेसेव्यांचा एक नवा सेडी धरण्यात आला. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो पौंडात मांडला की उलगडतो: नवा सेडी म्हणजे नेमके दहा शिलिंग, आणि म्हणून एक शिलिंग म्हणजे नेमके दहा नवे पेसेवे.

हे वाचून पटण्यापेक्षा हातात घेऊन कळण्यासारखे आहे. मी संचातील १९५८ चे तीन पेन्सचे नाणे आणि १९६७ चे अडीच पेसेव्यांचे नाणे खिशांतून काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींची कड नागमोडी आहे. डोळे मिटून बोट फिरवले तर दोन्ही एकाच जातीची वाटतात, आणि त्यांची किंमतही एकच आहे, कारण अडीच नव्या पेसेव्यांचे बरोबर तीन पेन्स होतात. पुढचा हिशेबही तसाच जुळतो: पाच पेसेवे म्हणजे सहा पेन्स, दहा म्हणजे शिलिंग, वीस म्हणजे दोन शिलिंग. अडीचसारख्या अवघड आकड्याचे नाणे का पाडले असेल, या प्रश्नाचे उत्तर त्या नागमोडी कडेतच आहे. ज्या लोकांनी दोन वर्षांत दोनदा किमती नव्याने शिकल्या, त्यांच्या ओळखीची चार नाणी त्यांना नव्या नावाने परत मिळाली होती. चेहरा गेला, त्या जागी कोकोच्या शेंगा आणि नगारे आले, हा बदल पाहताक्षणी कळतो. हिशेबाचा बदल मात्र कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. तो सांगणे हेच माहितीपट्टीचे काम होते. दोन ओळींत ते सहज मावले असते.

१९६७ पर्यंतच्या बदलांत निदान कोणाच्या हातातली रक्कम कापली गेली नव्हती. १९७९ मध्ये ती कापली गेली आणि हे पान वाचताना मला खरोखर वाईट वाटले. महागाई भडकलेली, चलनी नोटांचा सुळसुळाट झालेला, अशा वेळी जनरल अकुफो यांच्या लष्करी सरकारने मार्चमध्ये सर्व जुन्या नोटा रद्द करून नव्या दिल्या. पाच हजार सेडीपर्यंतच्या रोकडीला दहा जुन्यांचे सात नवे आणि त्यापुढे दहाचे पाच, असा दर ठरला. घरात डब्यात हजार सेडी जपून ठेवणाऱ्याच्या हाती सातशे आले. संचात १९७९ ची नवी नोट आहे, कोरी करकरीत आणि देखणी. तिच्या पट्टीवर ‘नवी रंगसंगती व नवी रचना’ असे लिहिले आहे. जी रद्द झाली त्या मालिकेतील एकही नोट तिच्या शेजारी नाही. ज्या नोटेच्या मागे इतक्या घरांचे नुकसान उभे आहे तिची ओळख रंगसंगतीने करून द्यावी, हे मला पटत नाही.

त्याच पानावरचे १९७९ चे एक सेडीचे नाणे मात्र संचातील माझे सर्वांत आवडते नाणे आहे. पिवळ्या धातूच्या त्या नाण्यावर कवडी कोरलेली आहे. मधली फट आणि तिच्या काठचे दाते बोटाला लागतात. ज्या वस्तूवरून चलनाला नाव मिळाले तीच नाण्यावर परत आली, हे पाहून पहिल्या पानावरची खरी कवडी काढून मी त्यावर ठेवून पाहिली.

१९८२ ची घटना संचात मुळीच नाही. लष्करी अधिकारी जेरी रॉलिंग्स यांच्या सरकारने त्या वर्षी पन्नास सेडीची नोट, म्हणजे त्या वेळची सर्वांत मोठी नोट, चलनातून बाद केली. तीन वर्षांत दुसऱ्यांदा लोकांच्या हातातला कागद निकामी झाला. ती नोट मिळवणे अशक्य नाही. मला ती दुसरीकडे सुटी मिळाली. १९८३ मध्ये तर अधिकृत दर एका डॉलरला २.७५ सेडीवरून वर्षअखेरीपर्यंत ३० वर नेण्यात आला. दुष्काळ, वणवे आणि नायजेरियातून घालवून दिलेल्या लाखो लोकांचे परतणे, हे सारे त्याच वर्षातले. वहीत १९७९ नंतर एकदम पुढचे पान उघडते, आणि मधल्या वर्षांत नोटांवरची शून्ये का वाढू लागली याचा पत्ता वाचणाऱ्याला लागत नाही.

शून्यांचे पान छान जमले आहे. २००२ मध्ये आलेली वीस हजारांची नोट, तिच्यावर संगीतकार एफ्रेम अमू, आणि तिच्याखाली २००७ ची नोट. १ जुलै २००७ रोजी चार शून्ये गेली आणि दहा हजार जुन्यांचा एक घाना सेडी झाला. हा दर पट्टीवर छापला आहे, बहुधा सर्वांना ठाऊक असल्यामुळे. त्या वेळी बँकेने ‘मूल्य तेच आहे’ असे घोषवाक्य घेऊन मोहीम चालवली होती. आधीचा इतिहास माहीत असला म्हणजे हे वाक्य किती गरजेचे होते ते समजते. १९७९ आणि १९८२ पाहिलेल्या माणसाला सरकार नव्या नोटा देणार म्हटल्यावर पहिली शंका आपल्या पैशाची येणार, आणि या वेळी ती खरी ठरली नाही. बाजारात पुढे कित्येक वर्षे लोक जुन्याच आकड्यांत बोलत राहिले. शंभर सेडीला दहा लाख म्हणण्याची सवय लवकर गेली नाही. २००७ च्या नोटांवर एन्क्रुमा परत आले, पण एकटे नव्हे, स्वातंत्र्यलढ्यातील सहा नेत्यांपैकी एक म्हणून. एका सेडीच्या नोटेमागे अकोसोंबो धरण आहे.

संच येथेच थांबतो. २०१९ मध्ये आलेल्या शंभर व दोनशे सेडीच्या नोटा आणि दोन सेडीचे नाणे त्यात नाही. मी संचाचे पैसे दोनशेच्याच नोटांत मोजले, त्यामुळे ही उणीव तेथेच लक्षात आली. एका पेसेव्याचे नाणे २०२१ च्या अखेरीस चलनातून गेले आणि २०२२ च्या डिसेंबरात महागाईचा दर ५४ टक्क्यांवर पोचला. त्या काळासाठी एक पान तरी हवे होते.

एक व्यावहारिक सूचना. वहीचे खिसे पीव्हीसीचे असावेत. उघडताच प्लास्टिकचा उग्र वास येतो. अशा खिशांत तांब्याच्या नाण्यांवर कालांतराने हिरवट चिकट थर चढतो, म्हणून घेतल्याबरोबर नाणी तरी बाहेर काढावीत. मी सर्व वस्तू दुसऱ्या वहीत हलवल्या आहेत. १९७९ च्या पानात रद्द झालेल्या मालिकेतील दहा सेडीची एक मळकी नोट घातली, त्यापुढे पन्नासची नोट ठेवली आणि प्रत्येक बदलाचा दर हाताने लिहून चिकटवला. दुकानदाराला मी हे दाखवले तेव्हा त्यांनी पट्ट्यांचा मजकूर सुधारण्याचे मान्य केले आणि माझ्या पट्ट्यांची छायाचित्रे काढून घेतली. सुधारित संच आला तर तो निःशंकपणे घ्यावा. सध्याचा घ्यायचा असल्यास १९५८ आणि १९६७ च्या नाण्यांसाठी घ्यावा, आणि ती दोन नागमोडी नाणी त्यात आहेत ना, एवढे दुकानातच पाहून घ्यावे.