राइट बंधू की लँगली, प्रोजेक्टला कोण घ्यावं?
भाचीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी १९०३ चं एक विमान निवडायचंय आणि ती या दोघांत अडकलीये, म्हणून लिहितोय.

खर्च बघा. लँगली स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या मोठ्या संशोधन संस्थेचे प्रमुख, अमेरिकन सरकारने ५०,००० डॉलर दिलेले. राइटांनी सायकलच्या दुकानाच्या कमाईतून हजार डॉलरच्या आत उरकलं. इंजिनात मात्र लँगली सरळ जिंकतात, ५२ हॉर्सपॉवर विरुद्ध जेमतेम १२, आणि ते इंजिन खरंच भारी होतं, उगाच नावं ठेवू नयेत.

पण घोडं अडलं कंट्रोलपाशी. राइटांनी आधी तीन वर्षं ग्लायडरवर घासली, पायलट पालथा झोपून कंबर सरकवायचा की तारांनी पंख पिळले जायचे आणि तोल सावरायचा. लँगलींचं विमान हाउसबोटीवरून कॅटापल्टने (झटक्याने पुढे फेकणाऱ्या यंत्रणेने) सोडलं ते दोन्ही वेळा थेट पोटोमॅक नदीत, पायलट मॅनली वाचला हेच नशीब.

टिकाऊपणात दोघंही नापास, राइटांचंही १७ डिसेंबरला चौथ्या उड्डाणानंतर (५९ सेकंद, ८५२ फूट) वाऱ्याने उलटून मोडलं.

हलतं मॉडेल करायचं असेल तर राइट घ्या, पंख पिळणं पुठ्ठा आणि दोऱ्यात मस्त दाखवता येतं. इंजिनाची आवड असेल किंवा 'का फसलं' यावर बोलायचं असेल तर बिनधास्त लँगली.