विटांचा मँटल काढून आठ महिने झाले: ग्राइंडर उत्तम, धुळीने मात्र घर सोडलेले नाही

न्यू जर्सीतील आमचे घर 1970 च्या दशकातले आहे. तिथल्या फायरप्लेसवर विटांचे तीन थर पुढे काढून बांधलेला, मुलांच्या कपाळाला सतत लागणारा मँटल (शेकोटीच्या तोंडावरची पुढे आलेली फळी) मी गेल्या मे महिन्यात स्वतः काढला. ठेकेदाराने सांगितलेली रक्कम मला अवास्तव वाटली होती. परवा फर्नेसचा (घर गरम करणाऱ्या भट्टीचा) फिल्टर बदलला, तर तोही तांबूस निघाला. मे महिन्यापासूनचा हा चौथा फिल्टर, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

साडेचार इंची अँगल ग्राइंडर आणि डायमंड ब्लेड यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. हे ब्लेड जेमतेम सव्वा इंच खोल जाते, तरीही वरचे आणि खालचे सांधे कापल्यावर विटा छिन्नीच्या दोन-तीन घावांत सुटत होत्या. ज्या विटांची मागची टोके धुराड्याच्या भिंतीत रुतलेली होती, त्या मी ओढून काढल्या नाहीत, भिंतीच्या रेषेत कापल्या. कारण त्या उपटल्या असत्या तर वरच्या विटांचा आधार गेला असता.

भाड्याने आणलेल्या रोटरी हॅमरबद्दल (ठोके देत विटा फोडणाऱ्या विजेच्या यंत्राबद्दल) माझे मत मात्र कामाच्या मध्यावरच बदलले. पहिले दोन थर त्याने तासाभरात पाडले आणि मी खूश होतो. त्यानंतर फायरप्लेसच्या तोंडावरील लोखंडी लिंटेलच्या डाव्या टोकाशी, सांध्यात केसासारखी बारीक चीर दिसली. हे लिंटेल दोन्ही बाजूंना किमान चार इंच विटांवर टेकलेले असावे लागते आणि वरच्या सगळ्या विटांचा भार तेच पेलते. मी हॅमर तिथेच बंद केला आणि तिसरा थर हातोडा-छिन्नीने दोन दिवसांत काढला. सप्टेंबरमध्ये धुराडे साफ करणाऱ्याने कॅमेरा घालून तपासणी केली तेव्हा चीर फक्त वरवरची निघाली. ती भरून घेतल्यावरच आम्ही विस्तव पेटवला.

आता धुळीविषयी. वीट आणि सिमेंट कोरडे कापले की सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ उडते. ती डोळ्यांना दिसत नाही, फुप्फुसात मात्र खोल जाऊन बसते आणि सिलिकोसिस या फुप्फुसांच्या आजाराला कारण होते. अमेरिकेत कामगारांसाठी हवेतील अशा सिलिकाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला अवघी 50 मायक्रोग्रॅम आहे. मी पी-100 मास्क (अतिसूक्ष्म धूळ अडवणारा) घेतला, पण ग्राइंडरला बसणारे धूळ ओढण्याचे आवरण आणि हेपा व्हॅक्यूम (सूक्ष्म धूळ गाळणारा) यांचे पैसे वाचवले. दारांना प्लास्टिक लावले, मात्र सोफ्यामागे जमिनीलगत असलेली फर्नेसची परतीच्या हवेची जाळी झाकायची राहिली, आणि ब्लोअर (घरभर हवा फिरवणारा पंखा) चालूच होता. त्या एका जाळीतून धूळ डक्टमध्ये (हवेच्या नळांमध्ये) शिरली आणि घरभर पोहोचली.

जूनमध्ये आई सांगलीहून आली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने देव्हाऱ्यावरून बोट फिरवून मला दाखवले आणि विचारले, "अरे, रोज पुसते तरी ही लाल पूड येते कुठून?" तिला आधीच दम्याचा त्रास आहे. त्या प्रश्नानंतर मी डक्ट साफ करून घेतले. त्यात ठेकेदाराच्या रकमेतून वाचलेल्या पैशांपैकी निम्मे गेले. झाडूने ही धूळ पुन्हा उडते, म्हणून आम्ही फरशी अजूनही ओल्या फडक्यानेच पुसतो.

नवा लाकडी मँटल मी फायरप्लेसच्या तोंडापासून 14 इंच वर बसवला आहे. नियमानुसार तोंडापासून सहा इंचांच्या आत लाकूड चालत नाही आणि 12 इंचांच्या आत असेल तर दर इंच अंतरामागे ते एक अष्टमांश इंचापेक्षा जास्त पुढे येता कामा नये. मुलांची कपाळे आता सुरक्षित आहेत आणि बैठक मोकळी दिसते, याचे समाधान खरे आहे.

तळघरातल्या फायरप्लेसवरही असाच विटांचा मँटल आहे. त्यासाठी धूळ ओढणारे आवरण डिसेंबरमध्येच आणून ठेवले आहे, पण हिवाळा संपून फर्नेस पूर्ण बंद होईपर्यंत आणि घरातली प्रत्येक जाळी प्लास्टिक व टेपने बंद करेपर्यंत मी त्या विटांना हात लावणार नाही.