आर्टिकलशिप: रोटेशन, एकच विभाग की छोटी फर्म?

“आमच्याकडे रोटेशन आहे” हे वाक्य आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीए होण्यासाठी फर्ममध्ये करायच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाच्या, मुलाखतीत हमखास ऐकू येतं. मग विभागांची यादी येते: स्टॅच्युटरी (कायद्याने सक्तीचं) ऑडिट, डायरेक्ट टॅक्स (आयकर), जीएसटी, इंटर्नल ऑडिट. सीए इंटर नुकतीच पास झालेल्या मुलाला ती यादी भरगच्च वाटते. पण यादीवरून फार काही कळत नाही. कोणता विभाग कोणत्या महिन्यांत मिळणार, यावर सगळं अवलंबून असतं. जुलै ते ऑक्टोबर डायरेक्ट टॅक्समध्ये बसलेला आर्टिकल (प्रशिक्षणार्थी) आणि नोव्हेंबर-डिसेंबर तिथे काढलेला आर्टिकल, दोघांच्या सीव्हीत ओळ एकच असते. पहिल्याने टॅक्स ऑडिट केलेलं असतं, दुसऱ्याने बहुधा जुन्या फायली लावलेल्या असतात.

निवड साधारण तीन प्रकारांत होते. पहिला प्रकार मोठ्या फर्मचा: एक विभाग मिळतो आणि पूर्ण काळ तिथेच जातो. दुसरा रोटेशनचा: मध्यम किंवा मोठी फर्म, ठरावीक महिन्यांनी विभाग बदलतो. तिसरा दोन-तीन पार्टनरची छोटी फर्म. तिथे विभागच नसतात, सकाळी ऑडिट, दुपारी जीएसटी आणि संध्याकाळी कुणाच्या तरी नोटिशीला उत्तर.

आधी महिने मोजा

१ जुलै २०२३ पासून आयसीएआयच्या (सीएंच्या राष्ट्रीय संस्थेच्या) नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. रजा वर्षाला १२ दिवस, म्हणजे एकूण २४. त्याहून जास्त घेतल्या तर तेवढे दिवस पुढे भरून द्यावे लागतात. आठवड्याचे ३५ तास धरले तर दोन वर्षांत साधारण ३,५०० तास हाती येतात. चार विभागांत समान वाटले तर प्रत्येकाला सुमारे ८७५. नव्या विभागात सॉफ्टवेअरचं लॉगिन, फर्मचे टेम्प्लेट, क्लायंटची ओळख, सीनिअरची पद्धत यांत सुरुवातीचे तीन आठवडे सहज जातात. ते १०५ तास झाले, आणि ते चार वेळा द्यावे लागतात. एकाच विभागात राहणारा ही किंमत एकदाच मोजतो.

तीन वर्षांच्या काळात चार विभाग म्हणजे प्रत्येकी नऊ महिने होते, त्यात कुठला ना कुठला हंगाम सापडायचाच. आता सहाच महिने मिळतात. सहा महिन्यांची फेरी चुकीच्या महिन्यात सुरू झाली तर हंगाम पूर्ण हुकतो. जुनं वेळापत्रक नव्या कालावधीत कोंबणाऱ्या फर्ममध्ये हेच होतं.

प्रत्येक विभागाचा आपापला हंगाम

ऑडिट शिकायचं तर ३१ मार्च त्या फेरीत आलाच पाहिजे. प्लॅनिंग डिसेंबर-जानेवारीत सुरू होतं, ३१ मार्चच्या आसपास गोदामात स्टॉक मोजायला जावं लागतं, एप्रिलमध्ये देणेकरी-घेणेकऱ्यांची आणि बँकांची कन्फर्मेशन (बाकी रकमेला लेखी दुजोरा) मागवली जातात. लिस्टेड कंपन्यांचे वार्षिक निकाल ६० दिवसांत, म्हणजे ३० मेपर्यंत लागतात. बँकांच्या शाखांचं ऑडिट एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात येतं. हा धागा सलग पाहिला तरच कळतं की जानेवारीत निवडलेलं सॅम्पल मे महिन्यात का अपुरं पडतं. ऑगस्टमध्ये ऑडिटला आलेल्या आर्टिकलच्या वाट्याला तिमाहीचे लिमिटेड रिव्ह्यू (मर्यादित तपासणी) आणि अनलिस्टेड कंपन्यांची शेपटं येतात. तेही काम आहेच, पण त्यातून ऑडिटची सुरुवात कळत नाही.

डायरेक्ट टॅक्सचे दोन हंगाम आहेत. जुलै ते ऑक्टोबरमध्ये वैयक्तिक विवरणपत्रं, ३० सप्टेंबरचं टॅक्स ऑडिट आणि ३१ ऑक्टोबरची ऑडिटवाल्यांची विवरणपत्रं येतात. मुदतवाढ मिळाली तर हाच गोंधळ पुढे सरकतो. दुसरा हंगाम जानेवारी ते मार्चचा, असेसमेंटची मुदत मार्चअखेरीला टेकते तेव्हाचा. त्यात फेसलेस (अधिकाऱ्याला न भेटता ऑनलाइन चालणाऱ्या) नोटिशींची उत्तरं लिहिणं शिकायला मिळतं. दोन्ही हंगाम मिळाले तर उत्तम. एकच निवडायचा तर पहिला घ्या: टॅक्स ऑडिटचा अहवाल भरताना टीडीएस, घसारा, रोखीचे व्यवहार, लघुउद्योगांची ४५ दिवसांपलीकडे थकलेली देणी, सगळं एकाच क्लायंटच्या पुस्तकांत तपासावं लागतं. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. जुने क्रमांक पाठ असलेल्या सीनिअरलाही सध्या तक्ता उघडावा लागतो, त्यामुळे नवख्याचं अंतर जरा कमी आहे.

जीएसटीचं चक्र मासिक असतं, ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), २० तारखेला ३बी (कर भरायचं विवरणपत्र). म्हणून तीन-चार महिने कुठलेही चालतात. तरी त्यात ऑक्टोबर ते डिसेंबर आला तर सोनंच: मागच्या वर्षाचं राहिलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेण्याची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर, वार्षिक विवरणपत्राची ३१ डिसेंबर. इंटर्नल ऑडिटला हंगाम नाही. चार महिने पुरतात आणि अहवाल लिहिण्याची सवय लागते.

तेच चार विभाग, दोन वेळापत्रकं

समजा आर्टिकल जुलैमध्ये रुजू झाला. मे महिन्याची परीक्षा देणाऱ्यांचं साधारण असंच होतं. फर्मने सरळ सहा-सहा महिने वाटले: जुलै–डिसेंबर ऑडिट, जानेवारी–जून डायरेक्ट टॅक्स, जुलै–डिसेंबर इंटर्नल ऑडिट, जानेवारी–जून जीएसटी. कागदावर चारही विभाग आहेत. पण ऑडिटमध्ये ३१ मार्च नाही, टॅक्समध्ये सप्टेंबर नाही, जीएसटीत वार्षिक विवरणपत्र नाही. दोन वर्षं संपली आणि मार्चअखेरीचं असेसमेंट सोडलं तर एकही मोठा हंगाम पाहिला नाही.

आता दुसरं पाहा. जुलै–नोव्हेंबर डायरेक्ट टॅक्स, डिसेंबर–जून ऑडिट, जुलै–ऑक्टोबर जीएसटी किंवा इंटर्नल ऑडिट, आणि उरलेले आठ महिने, नोव्हेंबर–जून, पुन्हा ऑडिट. पाच, सात, चार, आठ: २४ महिने भरले. विभाग तीनच झाले, पण ऑडिटचे दोन हंगाम मिळाले. पहिल्या हंगामात व्हाउचर तपासणारा दुसऱ्या हंगामात दोन ज्युनिअरांना काम वाटून देतो आणि क्लायंटच्या फायनान्स मॅनेजरशी स्वतः बोलतो. नोकरीच्या मुलाखतीत विचारलं जातं ते बहुतेक या दुसऱ्या हंगामातलं.

त्यामुळे शेवटची फेरी नव्या विभागात लावू नये, जमेल तर आधी आवडलेल्या विभागात परत जावं. चौथा विभाग चाखण्यापेक्षा याचा फायदा जास्त. हे मत सगळ्यांना पटत नाही, विशेषतः स्वतःची प्रॅक्टिस करायची असलेल्यांना. त्यांच्यासाठी तिसरा प्रकार आहेच.

एकच विभाग

मोठ्या फर्मच्या एका विभागात खोली मिळते, फर्मचं नाव लागतं, कामाची शिस्त लागते. वर्किंग पेपरवर (तपासणीच्या नोंदींवर) कोणी केलं, कोणी तपासलं, सॅम्पल कसं निवडलं हे लिहिल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. तोटाही खोलीचाच. ऑडिटमध्ये गेलेल्याला मोठ्या क्लायंटवर सहा महिने फक्त स्थिर मालमत्ता किंवा फक्त देणी दिली जाऊ शकतात. दोन वर्षांनी कॅरो २०२० च्या (कंपनीच्या ऑडिट अहवालात काय सांगायचं ते ठरवणाऱ्या आदेशाच्या) २१ कलमांपैकी चार-पाच तोंडपाठ असतात, बाकीची सीए फायनलच्या पुस्तकातूनच भेटतात. “ऑडिट” एवढ्या उत्तरावर थांबू नका. कोणत्या उद्योगाचे क्लायंट, टीम किती जणांची, पहिल्या वर्षी कोणती क्षेत्रं मिळतात हे विचारा. दहाच्या टीममधला आर्टिकल आणि चौघांच्या टीममधला आर्टिकल यांत फार फरक पडतो.

छोटी फर्म

इथे रोटेशन आपोआप घडतं, कारण कॅलेंडरच सगळ्यांना फिरवतं. ११ आणि २० तारखेला सगळे जीएसटीवर, ७ तारखेला टीडीएसचं चलन, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला अ‍ॅडव्हान्स टॅक्स, सप्टेंबरभर टॅक्स ऑडिट. क्लायंट पहिल्या वर्षीच थेट फोन करतो. काम शेवटपर्यंत हातात राहतं, ही मोठी गोष्ट आहे.

उदाहरणार्थ खरेदीचं रजिस्टर आणि जीएसटीचं २बी (पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांवरून पोर्टलवर बनणारं विवरण) जुळवणं. रोटेशनवाला आर्टिकल एक्सेलचं व्हीलुकअप लावतो, ८०० बिलांपैकी ९० जुळत नाहीत, यादी सीनिअरकडे जाते, विषय संपला. छोट्या फर्ममध्ये ती ९० बिलं त्यालाच निस्तरावी लागतात. मग कळतं की टॅलीत ‘१२३’ आहे आणि पुरवठादाराने ‘आयएनव्ही/००१२३/२४-२५’ असं चढवलंय. काही बिलांत राज्यातल्या व्यवहाराच्या सीजीएसटी-एसजीएसटीऐवजी राज्याबाहेरचा आयजीएसटी पडलाय. काही पुरवठादार तिमाही विवरणपत्रवाले आहेत, त्यांची बिलं अजून यायची आहेत. आणि चार बिलं पुरवठादाराने चढवलेलीच नाहीत, तिथे फोन करून मागे लागावं लागतं. जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), करपात्र रक्कम आणि बिल क्रमांकाचे शेवटचे अंक एकत्र जोडून जुळवायची युक्ती तो तेव्हाच शिकतो.

उणीव अशी की इंड एएस (मोठ्या कंपन्यांची लेखा मानकं), लिस्टेड कंपनी, ट्रान्सफर प्रायसिंग (संबंधित कंपन्यांमधल्या व्यवहारांच्या किमतींचं करकाम) यांचा वारा लागत नाही, आणि वर्किंग पेपर बऱ्याचदा “मागच्या वर्षीचीच फाइल कॉपी कर” या पातळीवर राहतात. दोन वर्षं फक्त टॅलीत नोंदी करून घेणाऱ्या फर्मही आहेत. मुलाखतीला गेल्यावर आर्टिकल बसतात तिकडे नजर टाका: सगळ्यांच्या स्क्रीनवर व्हाउचर एन्ट्रीच दिसत असेल तर समजून घ्या. एखाद्या विषयाचा अनुभव फर्ममध्ये नसेल तर प्रिन्सिपल (ज्याच्या हाताखाली आर्टिकलशिप होते तो सीए) काही काळ दुसऱ्या सीएकडे पाठवू शकतो, त्याला सेकंडमेंट म्हणतात. तरतूद आहे, पण स्वतःहून कोणी सुचवत नाही. विचारावं लागतं.

रोटेशन कुठे अडतं

पहिली अडचण, फेरी पुढे ढकलली जाते. विभाग बदलायचा १ सप्टेंबरला, आणि टॅक्सचा मॅनेजर म्हणतो, “एवढं टॅक्स ऑडिट होऊ दे.” त्याचं चूक नसतं, पण दोनदा असं झालं की शेवटचा विभाग गळतो. म्हणून हंगामाच्या मध्यावर बदल असलेलं वेळापत्रक दिसलं की ते पाळलं जाणार नाही असंच धरून चला. १ डिसेंबर आणि १ जुलै या बदलासाठी सोयीच्या तारखा.

दुसरी, चार महिन्यांनी जाणाऱ्याला कोणी शिकवण्यात वेळ घालत नाही. त्याच्याकडे स्कॅनिंग, कन्फर्मेशनची पत्रं, एक्सेलचे कॉलम जोडणं येतं. चार महिन्यांपेक्षा छोटी फेरी असेल तर हे जवळजवळ ठरलेलंच.

तिसरी, हँडओव्हर. जुन्या विभागाचे फोन नव्या विभागात येत राहतात. निघण्याआधी एका पानावर क्लायंट, झालेलं काम, उरलेले मुद्दे, कोणाकडून काय यायचंय, पुढची तारीख आणि फाइल कुठे ठेवली हे लिहून सीनिअरला मेल केला की हे बरंच थांबतं.

चौथी गोष्ट लवकर ध्यानात येत नाही. शेवटच्या वर्षात ९ ते १२ महिन्यांचं इंडस्ट्रियल ट्रेनिंग (फर्मऐवजी कंपनीत) घ्यायचा विचार असेल तर फर्ममध्ये १२ ते १५ महिनेच उरतात. त्यात चार विभाग बसत नाहीत. अशा वेळी एक हंगाम ऑडिटचा आणि एक टॅक्सचा घ्यावा, बाकी सोडून द्यावं. प्रिन्सिपलला किमान तीन महिने आधी सांगणं नियमानेच लागतं.

पैसे आणि अभ्यास

नव्या योजनेत किमान स्टायपेंड २० लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरांत पहिल्या वर्षी महिना ४,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ५,००० आहे. ४ ते २० लाखांच्या शहरांत ३,००० आणि ४,०००, त्याहून लहान गावांत २,००० आणि ३,०००. मोठ्या फर्म बऱ्याच जास्त देतात, छोट्या बहुधा किमान रकमेच्या आसपास. घरापासून लांब राहायचं असेल तर हा फरक खोलीच्या भाड्यातच जातो.

फायनलला बसायला आर्टिकलशिप संपून सहा महिने झालेले असावे लागतात, त्यामुळे अभ्यासाच्या रजेवरून फर्म निवडायची जुनी रीत आता तितकी लागू नाही. मात्र आयसीएआयच्या सेल्फ-पेस्ड मॉड्यूलचे (आपल्या गतीने करायच्या अभ्यासक्रमाचे) चारही संच फायनलआधी ५० टक्क्यांनी पार करायचे असतात. ते इंटर्नल ऑडिटच्या निवांत महिन्यांत उरकावेत. सप्टेंबरात ठेवलेला संच पुढेच जातो.

कोणी काय घ्यावं

कॉर्पोरेट नोकरी डोळ्यांसमोर असेल आणि ऑडिट की टॅक्स हे ठरलेलं असेल तर मोठ्या फर्मचा एकच विभाग. ठरलेलं नसेल तर रोटेशन, पण जास्तीत जास्त तीन विभागांचं आणि हंगाम पाहून लावलेलं. वेळापत्रक हंगामाशी जुळत नसेल तर रोटेशनपेक्षा चांगली छोटी फर्म बरी, आणि स्वतःची प्रॅक्टिस करायची असेल तर तीच पहिली पसंती.

रोटेशनचं आश्वासन फॉर्म १०२ च्या करारात कुठेही येत नाही. रुजू झाल्यापासून ३० दिवसांत फॉर्म १०३ भरला की नोंदणी एका प्रिन्सिपलच्या नावावर होते. नंतर फर्म बदलायची तर फॉर्म १०९ वर त्याचीच सही लागते. म्हणून करार करण्याआधी साधा मेल टाका: “मुलाखतीत ठरल्याप्रमाणे माझी पहिली फेरी डायरेक्ट टॅक्समध्ये नोव्हेंबरपर्यंत आणि दुसरी ऑडिटमध्ये डिसेंबर ते जून, असं समजतो. यात काही बदल असल्यास कळवावं.” उत्तर आलं नाही तर त्याच फर्ममधल्या दुसऱ्या वर्षाच्या दोन आर्टिकलांना गाठून विचारा: ठरलेल्या महिन्यात विभाग बदलला का, आणि नसेल तर किती महिने उशिरा?