मूळ प्रत की नवी आवृत्ती?

जॅझची एखादी एलपी तबकडी कंपनीने काढणं बंद केलं, की ठाण्यातल्या संग्राहकापुढे दोन वाटा उरतात: जुनी मूळ प्रत शोधा, नाहीतर नवी आवृत्ती निघाली असेल तर ती घ्या.

मूळ प्रतीचं वेड मला मनापासून पटतं. ब्लू नोट या अमेरिकन जॅझ कंपनीची साठच्या दशकातली तबकडी उजेडात तिरकी धरा. लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात ध्वनिमुद्रक रुडी व्हॅन गेल्डर यांची खूण दिसली, शेजारी तबकड्या छापणाऱ्या प्लास्टिलाइट कारखान्याचं कानासारखं चिन्ह सापडलं, की जीव हरखून जातो. पण किंमत ऐकून घाम फुटतो, आणि आपल्याकडचा पावसाळा वेगळाच. घोडबंदरच्या दमट हवेत कव्हरला बुरशी धरायला वेळ लागत नाही. चोरबाजारात हाती लागलीच, तर आधी खाचा बघा, कव्हर नंतर.

नव्या आवृत्तीचं सगळं गणित ती कोणत्या टेपवरून काढली यावर. ब्लू नोटची 2019 पासूनची टोन पोएट मालिका मूळ ॲनालॉग टेपवरून तयार होते. खरखर जवळपास नाहीच. आणि ‘मूळ तेच खरं’ हेही दरवेळी टिकत नाही. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 1959 च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ अल्बमची पहिली बाजू जुन्या छपाईत किंचित जलद वाजते, ती चूक 1990 च्या दशकात दुरुस्त झाली.

ऐकायचं असेल तर मी बेधडक नवी घेतो. मूळ प्रतीसाठी पैसे साठवावेत ते पुन्हा कधी निघालेल्याच नाहीत अशा अल्बमसाठी. मात्र नव्या आवृत्त्याही संपतात, तेव्हा आवडलेली दिसली की घेऊन टाका.