जुना बॉक्सर मोजायचा कसा: रेकॉर्डवर की फिल्मवर?

मुंबईच्या जिममध्ये हा वाद निघाला की पहिला पुरावा रेकॉर्डचाच येतो: हेवीवेट विश्वविजेता रॉकी मार्सियानो, 49-0, म्हणजे 49 विजय आणि एकही हार नाही. पण 1951 मध्ये त्याने हरवलेला माजी विश्वविजेता जो लुईस तेव्हा 37 वर्षांचा होता. म्हणून आकड्याशेजारी प्रतिस्पर्ध्याचं वय, वजन आणि फेऱ्याही लिहा. इथली मुलं 3 फेऱ्या खेळतात, त्या काळी जेतेपदासाठी 15 असत. त्याच काळातला विश्वविजेता शुगर रे रॉबिन्सन 19 वेळा हरला, त्यातल्या बऱ्याच हारी उतारवयातल्या. तरी आमच्या मते मार्सियानोपेक्षा तोच मोठा.

फिल्ममध्ये पायांची चाल, अंतराचा अंदाज दिसतो. मात्र मूकपटाच्या काळातलं चित्रण आजच्या वेगाने चालवलं की हालचाली झटकेदार भासतात. आधी वेग कमी करा. आणि 1920 च्या दशकातला विजेता हॅरी ग्रेब याच्या लढतींची तर फिल्मच उपलब्ध नाही. पुढे हेवीवेट विश्वविजेता झालेल्या जीन टनीला व्यावसायिक कारकिर्दीतली एकमेव हार 1922 मध्ये त्यानेच दिली. तिथे रेकॉर्डच धरावं लागतं.